‘शुगर’ असलेल्या माणसाला साखर कधी द्यायची? इन्शुलिन घेताना शुगर लो झाली तर काय करायचं?

लग्नाचा मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा. एकला पहिली पंगत बसेल, या हिशेबाने मामांनी साडेबारालाच इन्शुलिन घेतलं. पण वरात उशिरा आली, मंगलाष्टकं लांबली, मग फोटो. दोन वाजले तरी पानं मांडलेली नाहीत.

मामांना दरदरून घाम फुटला. हॉलमध्ये सगळ्यांनाच उकडत होतं, त्यामुळे कोणाचं लक्ष गेलं नाही. मग ते विनाकारण कोणावर तरी खेकसले. थोड्या वेळाने त्यांची जीभ अडखळायला लागली. कोणीतरी सरबताचा ग्लास पुढे केला, तेवढ्यात मागून आवाज आला, “अहो, त्यांना शुगर आहे! गोड नका देऊ!”

हा प्रसंग काल्पनिक आहे, पण इन्शुलिन घेणाऱ्यांच्या घरांत तो ओळखीचा वाटेल. आणि यात सगळ्यात धोकादायक गोष्ट आहे ते शेवटचं वाक्य. कारण त्या क्षणी मामांना साखरच हवी होती, तीही लगेच.

भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, असा अंदाज आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला होता. यातल्या ज्यांना इन्शुलिन घ्यावं लागतं, त्यांना आणि त्यांच्या आसपासच्या प्रत्येकाला पुढची माहिती असायला हवी.

शुगर लो झाली असं कधी म्हणायचं?

रक्तातल्या साखरेचं प्रमाण एक डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली गेलं की शुगर लो झाली असं समजतात. डॉक्टरांच्या भाषेत याला हायपोग्लायसेमिया म्हणतात, बोलताना नुसतं ‘हायपो’.

याचे साधारण तीन टप्पे मानले जातात.

पहिला, ७० च्या खाली पण ५४ किंवा त्याहून जास्त. ही धोक्याची सूचना आहे. लगेच गोड घ्यायचं.

दुसरा, ५४ च्या खाली. इथे मेंदूला साखर कमी पडायला लागते. माणूस गोंधळतो.

तिसरा टप्पा आकड्यावर ठरत नाही. माणसाला स्वतःच्या हाताने साखर घेता येत नाही, दुसऱ्याची मदत लागते, अशी अवस्था आली की तो गंभीर हायपो.

तुमचे नातेवाईक ब्रिटनमध्ये किंवा कॅनडात असतील, तर त्यांच्या मीटरवर ७० ऐवजी ३.९ असा आकडा दिसेल. तिथे मोजण्याचं एकक वेगळं आहे. त्यांच्या आकड्याला १८ ने गुणलं की आपला आकडा मिळतो.

इन्शुलिनमुळे शुगर एवढी खाली का जाते?

मधुमेह नसलेल्या माणसाच्या शरीरात स्वादुपिंड गरजेपुरतंच इन्शुलिन सोडतं. साखर कमी व्हायला लागली की ते थांबतं आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. तुम्ही जेवायला दोन तास उशीर केला तरी पोटात कावळे ओरडण्यापलीकडे काही होत नाही, ते यामुळेच.

बाहेरून घेतलेल्या इन्शुलिनला मात्र तुम्ही जेवलात की नाही, हे कळत नाही. एकदा ते त्वचेखाली गेलं की ठरलेल्या वेळेपर्यंत काम करत राहतं. परत काढून घेता येत नाही.

इन्शुलिनची ही ताकद सुरुवातीपासून माहीत होती. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातल्या टोरंटोत १४ वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचं इंजेक्शन पहिल्यांदा दिलं गेलं. त्या काळात इन्शुलिन मोजायला ‘युनिट’ ठरवलं तेही सशांवरच्या प्रयोगांतून. उपाशी सशाची शुगर ४५ पर्यंत खाली आणायला जेवढं इन्शुलिन लागतं, तेवढं एक युनिट. थोडक्यात, आपण आजही जे युनिट मोजून घेतो, त्याची व्याख्याच मुळात लो शुगरवरून झाली होती.

कोणतं इन्शुलिन कधी जोरात असतं, हे माहीत असेल तर धोक्याची वेळही ओळखता येते.

साधं म्हणजे रेग्युलर इन्शुलिन जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी घेतात. दोन ते चार तासांनी त्याचा जोर सर्वांत जास्त असतो.

झटपट काम करणारं नवीन प्रकारचं इन्शुलिन जेवायला बसताना घेतात. ते घेऊन जेवण लांबवायचं नसतं.

मिक्स इन्शुलिन भारतात खूप वापरलं जातं. ‘३०/७०’ लिहिलेलं असतं ते हेच. यात जेवणासाठीचं आणि जास्त वेळ टिकणारं अशी दोन्ही इन्शुलिन एकत्र असतात. सकाळी ८ ला घेतलेल्या मिक्स इन्शुलिनचा दुसरा भाग दुपारी जोरात असतो. म्हणून सकाळचा डोस घेऊन दुपारचं जेवण १ ऐवजी ३ ला केलं, तर शुगर लो होण्याची शक्यता वाढते.

दिवसभर टिकणारं, म्हणजे बेसल इन्शुलिन हळूहळू काम करतं. त्यात हायपोचा धोका तुलनेने कमी, पण शून्य नाही.

फक्त इंजेक्शनमुळेच असं होतं असंही नाही. ग्लिमेपिराइड, ग्लायबेन्क्लामाइड यांसारख्या गोळ्यांनीही शुगर लो होते. इन्शुलिनच्या जोडीला या गोळ्या असतील तर जास्त सावध राहायला हवं.

ओळखायचं कसं?

शुगर खाली जायला लागली की शरीर आधी अ‍ॅड्रेनलिन सोडून इशारा देतं. गार घाम, हातांना थरथर, छातीत धडधड, अचानक कडकडून भूक, ओठांना मुंग्या, उगाचच घाबरल्यासारखं वाटणं, ही त्याची लक्षणं.

हा इशारा चुकला तर पुढची लक्षणं मेंदूची. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण आरामात बसलेल्या माणसाची जवळपास २० टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो, आणि त्यासाठी मुख्यतः साखरेवरच अवलंबून असतो. साखर कमी पडली की नजर धुरकट होते, एकाच्या दोन वस्तू दिसतात, बोलणं अडखळतं, साधा हिशेब जमत नाही. काही जण चिडतात, काही रडतात, काही हट्टाला पेटतात. “मला काही झालेलं नाही, मला हात लावू नका,” असंही म्हणतात. त्याहून खाली गेली तर झटके येतात, शुद्ध हरपते.

इथेच लोकांची गल्लत होते. भर दुपारी रस्त्यात झोकांडी जाणारा माणूस प्यायलेला आहे, असं समजून बघे पुढे निघून जातात. झटके आले की चप्पल किंवा कांदा हुंगवायला धावतात. वयस्कर माणसाला कधीकधी एका बाजूला कमजोरी येते आणि घरच्यांना वाटतं लकवा मारला. म्हणून मधुमेही माणूस अचानक विचित्र वागायला लागला, तर हॉस्पिटलला निघण्याच्या तयारीत असतानाच शुगर तपासा.

एक उलटी गोष्टही लक्षात ठेवा. ज्यांची शुगर अनेक महिने ३०० च्या आसपास आहे, त्यांना ती १२० वर आली तरी थरथर, घाम अशी लक्षणं जाणवू शकतात. शरीराला वरच्या आकड्याची सवय झालेली असते. मीटर हाताशी असेल तर आधी आकडा बघा. मीटर नसेल तर शंका आली तरी गोड घ्या. शुगर लो नसताना तीन चमचे साखर पोटात गेली तर ती काही वेळ थोडी वाढेल. लो असताना साखर दिली नाही तर जिवावर बेतू शकतं.

काय करायचं? पंधरा-पंधराचा नियम

माणूस शुद्धीवर असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर क्रम असा ठेवा.

१. हातातलं काम थांबवा. खाली बसा. गाडी चालवत असाल तर बाजूला घेऊन बंद करा.

२. साधारण १५ ग्रॅम साखर पोटात जाईल असं काहीतरी लगेच घ्या. पुढच्यापैकी कोणतीही एक गोष्ट पुरते:
– चहाच्या चमच्याने ३ चमचे ग्लुकोज पावडर, पाण्यात ढवळून
– चहाच्या चमच्याने ३ चमचे साखर, पाण्यात विरघळवून
– साधारण अर्धा कप, म्हणजे १२० ते १५० मिलिलिटर फळांचा गोड रस
– तेवढंच साखर असलेलं कोल्ड्रिंक
– एक मोठा चमचा मध

३. १५ मिनिटं थांबा आणि पुन्हा शुगर तपासा.

४. अजूनही ७० च्या खाली असेल तर तेवढंच गोड पुन्हा घ्या. पुन्हा १५ मिनिटं.

५. ७० च्या वर आली आणि पुढच्या जेवणाला तासाहून जास्त वेळ असेल, तर थोडं काही खा. एक पोळी, दूध-बिस्किटं, केळं, जे असेल ते. साखरेचा परिणाम लवकर ओसरतो आणि इन्शुलिन अजून काम करत असतं.

तीन वेळा गोड घेऊनही शुगर वर येत नसेल, तर घरी थांबू नका, दवाखान्यात जा.

यातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे ती १५ मिनिटं. हायपोमध्ये इतकी भूक लागते की माणूस डब्यातले लाडू, फरसाण, फ्रिजमधला भात असं समोर येईल ते खात सुटतो. तासाभराने शुगर ३०० वर गेलेली असते. मग ती उतरवायला जास्तीचं इन्शुलिन घेतलं जातं आणि पुन्हा लो होते. ही घसरगुंडी टाळायची तर गोड मोजून घ्यायचं आणि घड्याळ लावायचं.

लहान मुलांना साखरेची मात्रा वजनाप्रमाणे कमी लागते. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाच्या पालकांनी ती डॉक्टरांकडून लिहून घ्यावी आणि एक प्रत वर्गशिक्षकांकडे द्यावी.

पेढा किंवा चॉकलेट दिलं तर?

गोड म्हटलं की हाताला आधी पेढा लागतो. पण पेढा, बर्फी, लाडू, चॉकलेट, आइस्क्रीम यांत दूध-तूप, म्हणजे स्निग्ध पदार्थ भरपूर असतात. त्यामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. दुसरं काहीच नसेल तर पेढाही द्या, पण पहिली पसंती पाण्यात विरघळलेल्या साखरेला.

गूळ चालतो का? चालतो, पण खडा चघळत बसण्यापेक्षा पाण्यात विरघळवलेला बरा.

‘डाएट’ किंवा ‘झीरो’ लिहिलेलं कोल्ड्रिंक इथे काही कामाचं नाही. त्यात साखर नसतेच. शुगर-फ्री गोळ्यांचंही तेच. मधुमेह्याच्या घरात नेमक्या याच वस्तू हाताशी असतात, म्हणून हे आधीच माहीत हवं.

आणखी एक मुद्दा, जो बऱ्याच पेशंटना कोणी सांगितलेला नसतो. तुमच्या गोळ्यांत व्होग्लिबोस किंवा अ‍ॅकार्बोस आहे का, हे पाकिटावर बघा. आपल्याकडे व्होग्लिबोस बऱ्याचदा दुसऱ्या औषधांसोबत एकाच गोळीत असतं. ही औषधं आतड्यात साध्या साखरेचं विघटन लांबवतात. त्यामुळे हायपोमध्ये घरातली साखर, गूळ किंवा गोड बिस्किटं हवा तेवढा लवकर परिणाम करत नाहीत. अशा लोकांनी ग्लुकोज पावडरच जवळ ठेवावी. ग्लुकोजचं विघटन व्हावं लागत नाही, ते थेट रक्तात जातं.

माणूस बेशुद्ध पडला तर?

इथे नियम बदलतो. तोंडात काहीही घालायचं नाही. पाणी, सरबत, साखर काहीच नाही. गिळता येत नसताना घातलेला घोट श्वासनलिकेत जाऊ शकतो.

माणसाला एका कुशीवर वळवा. कपडे सैल करा. झटके येत असतील तर हातपाय दाबून धरू नका, दातांत चमचा घालू नका, आसपासच्या टोकदार वस्तू बाजूला करा. १०८ ला फोन करा आणि “मधुमेह आहे, इन्शुलिन चालू आहे” हे पहिल्याच वाक्यात सांगा. हॉस्पिटलमध्ये शिरेतून ग्लुकोज दिलं की पेशंट बहुतेक वेळा काही मिनिटांत शुद्धीवर येतो.

यावर घरी देता येणारं एक औषध आहे, ग्लुकागॉन. ते यकृताला साठवलेली साखर रक्तात सोडायला लावतं. इंजेक्शन कसं द्यायचं, हे घरच्यांना आधी शिकून घ्यावं लागतं. वारंवार गंभीर हायपो होत असेल, विशेषतः टाइप १ मधुमेहात, तर त्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

अशा वेळी चुकूनही इन्शुलिन देऊ नका. “शुगरचा पेशंट बेशुद्ध पडलाय, म्हणजे शुगर वाढली असणार” असा समज करून घेऊन इंजेक्शन दिलं, तर परिस्थिती आणखी बिघडेल.

शुद्ध आल्यावरही डॉक्टर काही तास थांबा म्हणाले, तर घरी जायची घाई करू नका. जास्त वेळ टिकणारं इन्शुलिन किंवा वर उल्लेख केलेल्या गोळ्या चालू असतील, तर शुगर पुन्हा खाली जाऊ शकते.

शुगर लो होण्याची नेहमीची कारणं

जेवणाचं गणित चुकणं. इन्शुलिन घेतलं आणि जेवण लांबलं, कमी झालं किंवा उलटी झाली. लग्न-समारंभ, प्रवास, ऑफिसची मीटिंग, हॉटेलमध्ये ऑर्डर यायला झालेला उशीर, सगळं यातच आलं. बाहेर जेवायचं असेल तर घरून निघताना डोस घेऊ नका. ताट समोर कधी येणार हे कळल्यावर, तुमच्या इन्शुलिनच्या प्रकाराप्रमाणे वेळ ठरवा.

सिरिंजची चूक. भारतात इन्शुलिन मुख्यतः दोन ताकदींत मिळतं. बाटलीतलं बहुतेक वेळा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटचं असतं, तर पेनच्या काडतुसातलं १०० युनिटचं. सिरिंजही त्याप्रमाणे वेगळ्या. ४० ची साधारणपणे लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची.

आता समजा पेन बिघडलं आणि कोणी काडतुसातलं औषध लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढलं. शरीरात २० ऐवजी ५० युनिट जातील, म्हणजे अडीचपट. उलट ४० च्या बाटलीला १०० ची सिरिंज वापरली, तर २० च्या जागी फक्त ८ युनिट मिळतील आणि शुगर वाढेल. मेडिकलमधून घेताना बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे का, हे दर वेळी बघा.

जास्तीचे कष्ट. व्यायाम करताना स्नायू साखर वापरतात आणि त्यानंतरही अनेक तास, कधीकधी दुसऱ्या दिवसापर्यंत शुगर उतरत राहू शकते. यात जिमच येतं असं नाही. दिवाळीची साफसफाई, शेतातली खुरपणी, गड चढणं, वारीत दिवसभर चालणं, गणपतीच्या मिरवणुकीत नाचणं, शरीराच्या दृष्टीने हे सगळे कष्टच. असा दिवस ठरलेला असेल तर डोस कमी करायचा का, हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवा.

दारू. यकृत दारू पचवण्यात गुंतलं की नवीन साखर तयार करण्याचं त्याचं काम मंदावतं. रात्री प्यायलेल्या दारूचा परिणाम पहाटे दिसू शकतो. त्यात तोंडाला वास येत असल्यामुळे हायपोची लक्षणं लोक नशेच्या खात्यात टाकतात.

किडनीचा आजार. शरीरातलं इन्शुलिन बाहेर टाकण्यात किडनीचा मोठा वाटा असतो. किडनी कमजोर झाली की इन्शुलिन जास्त वेळ रेंगाळतं. वर्षानुवर्षं चालत आलेला डोस अचानक जास्त व्हायला लागला, तर किडनीची तपासणी करून घ्या.

सुईची जागा. रोज एकाच जागी टोचल्याने तिथे चरबीची मऊ गाठ होते. तिथून इन्शुलिन नीट शोषलं जात नाही, म्हणून डोस वाढवला जातो. मग एक दिवस दुसऱ्या जागी टोचलं की तोच वाढवलेला डोस पूर्ण लागू होतो आणि शुगर धाडकन खाली येते. जागा रोज बदला. गाठी असतील तर डॉक्टरांना हात लावून बघायला सांगा.

रात्री झोपेत शुगर लो झाली तर?

दिवसा लक्षणं तुम्हाला जाणवतात. झोपेत ती जाणवतीलच असं नाही. सकाळी उठल्यावर उशी किंवा कपडे घामाने ओले असणं, डोकं जड होणं, रात्री भयानक स्वप्नं पडणं, झोपेत बडबडणं, या खुणा दिसल्या तर दोन-तीन रात्री तीनच्या सुमारास गजर लावून शुगर तपासा. तो आकडा डॉक्टरांना खूप काही सांगतो.

दंडावर चिकटवायचा सेंसर वापरत असाल, तर त्याचा लो शुगरचा अलार्म रात्री बंद करू नका. फक्त एवढं लक्षात ठेवा की सेंसर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे त्याचा आकडा रक्तातल्या आकड्याच्या काही मिनिटं मागे असतो. लक्षणं आणि सेंसर जुळत नसतील तर बोटाला टोचून खात्री करा.

बोटाला टोचताना हात धुतलेले हवेत. आंबा कापून तसाच हात पुढे केला, तर बोटाला लागलेल्या रसातली साखरही मीटर मोजतं. आकडा दिसतो १४०, प्रत्यक्षात शुगर असते ६०.

उपवास करायचा की नाही?

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हे आपण गमतीने म्हणतो, पण इन्शुलिन घेणाऱ्यांसाठी त्यात दोन्हीकडून अडचण आहे. दिवसभर काही न खाता नेहमीचा डोस घेतला तर शुगर लो. मग संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याची भाजी पोटभर खाल्ली की शुगर हाय. नवरात्रात नऊ दिवस आणि रमजानमध्ये महिनाभर हीच कसरत असते.

उपवास करायचाच असेल, तर आधी काही दिवस डॉक्टरांशी बोलून डोस आणि वेळा बदलून घ्या. निर्जळी टाळा. दिवसात अधूनमधून शुगर तपासा. ७० च्या खाली गेली तर उपवास तिथेच सोडा. गंभीर हायपो होऊन गेलेल्यांना आणि टाइप १ असलेल्यांना डॉक्टर बहुतेक वेळा उपवास टाळायलाच सांगतात.

आणि उपवास आहे म्हणून मनाने इन्शुलिन पूर्ण बंद करू नका. टाइप १ मध्ये ते थांबलं तर रक्तात आम्ल साठून तेवढंच मोठं संकट ओढवतं.

थरथर, घाम काहीच जाणवत नाही, हे चांगलं लक्षण आहे का?

“माझी ५० झाली तरी मला काही होत नाही,” असं काही जण अभिमानाने सांगतात. खरंतर ही काळजीची गोष्ट आहे. वारंवार हायपो झाला की शरीर इशारे द्यायचं कमी करतं. मग घाम नाही, धडधड नाही, माणूस थेट गोंधळतो किंवा कोसळतो. ब्लड प्रेशर किंवा हृदयासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्यांमुळेही धडधड आणि थरथर लपू शकते. घाम मात्र येतो, म्हणून अशा लोकांनी घामाकडे लक्ष ठेवावं.

हे बदलता येतं. काही आठवडे शुगरचं ध्येय थोडं वर ठेवून हायपो कटाक्षाने टाळले, तर अनेकांना लक्षणं पुन्हा जाणवायला लागतात. त्यासाठी डॉक्टरांना हे सांगावं मात्र लागतं.

गाडी चालवायची असेल तर

निघण्याआधी शुगर तपासा. ९० च्या खाली असेल तर आधी काही खा. ७० च्या खाली असेल तर गोड घ्या आणि शुगर नॉर्मल झाल्यावरही पाऊण तास गाडीला हात लावू नका. डोकं पूर्ण ताळ्यावर यायला आकड्यापेक्षा जास्त वेळ लागतो. ब्रिटनमध्ये इन्शुलिन घेणाऱ्या चालकांना साधारण हाच सल्ला दिला जातो. ग्लुकोज डिकीत ठेवू नका, हाताशी ठेवा. दुचाकीवर असाल तर खिशात.

मग इन्शुलिन बंदच केलं तर?

एकदा मोठा हायपो झाला की पेशंट आणि घरचे इतके घाबरतात की डोस चुकवायला लागतात, किंवा ‘असू दे थोडी जास्त’ म्हणून शुगर २५० वर ठेवतात. भीती समजण्यासारखी आहे, पण वाढलेली शुगर डोळे, किडनी आणि पायांच्या नसांचं नुकसान गुपचूप करत राहते.

हायपो झाला याचा अर्थ डोस, जेवण आणि कष्ट यांचा मेळ कुठेतरी बसलेला नाही. तो शोधायचा असतो. त्यासाठी प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहून ठेवा: किती वाजता झालं, आकडा किती होता, शेवटचं इन्शुलिन कधी आणि किती घेतलं, त्याआधी काय खाल्लं किंवा काय कष्ट केले. आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा शुगर लो होत असेल किंवा एकदाही दुसऱ्याची मदत लागली असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना भेटा. त्यांनाही नेमका सल्ला द्यायला हाच कागद लागतो.

वयस्कर, एकटे राहणारे किंवा हृदयाचा आजार असलेले पेशंट असतील, तर शुगरचं ध्येय थोडं सैल ठेवायचं का, हेही विचारा. सत्तरीतल्या आजोबांना आणि तिशीतल्या नातवाला एकच आकडा लागू होत नाही.

आजच्या आज करता येतील अशा गोष्टी

ग्लुकोज पावडरच्या ३ चमच्यांच्या पुड्या बांधा. एक उशाशी, एक पर्समध्ये, एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, एक गाडीत.

मोबाइलच्या लॉक स्क्रीनवर आणि पाकिटातल्या चिठ्ठीवर ‘मला मधुमेह आहे, इन्शुलिन घेतो / घेते. गोंधळलेलो / गोंधळलेली दिसले तर साखरपाणी द्या. बेशुद्ध असेन तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा’ एवढं लिहून ठेवा.

आणि घरातल्या, ऑफिसातल्या, रोजच्या लोकल किंवा एसटीच्या ग्रुपमधल्या निदान दोघांना हे सांगून ठेवा. हायपोमध्ये स्वतःचा मेंदूच साथ सोडतो. त्या वेळी शेजारच्या माणसाला काय माहीत आहे, यावर सगळं ठरतं.

मामांच्या बाबतीतही तेच. त्या हॉलमध्ये सरबताचा ग्लास तयार होता, साखर होती, माणसं होती. फक्त कोणीतरी एवढं म्हणायला हवं होतं, “त्यांना शुगर आहे आणि ते इन्शुलिन घेतात, म्हणूनच आधी तो ग्लास त्यांना द्या.”

(ही माहिती सर्वसाधारण वाचकांसाठी आहे. इन्शुलिनचा डोस किंवा वेळ आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.)